वेबसाइटसाठी डेटाबेसचं लायसन्स: सर्व्हर घेण्याआधी मांडायचा हिशेब

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात वेबसाइटची कामं करताना एकच घोळ मला पुन्हा पुन्हा निस्तरावा लागतो. आधी स्वस्तात मिळाला म्हणून व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) घेतात. मग त्यावर डेव्हलपर पोराच्या हाताला सवय असलेला डेटाबेस चढतो. वेबसाइट चालू होते, सगळे खूश. वर्ष-दीड वर्षानं ऑडिटवाला किंवा एखादा मोठा ग्राहक विचारतो, "डेटाबेसच्या लायसन्सचं बिल कुठाय?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो सर, ते तर फुकट डाउनलोड झालंय की!"

डाउनलोड फुकट असणं आणि धंद्याच्या वेबसाइटवर वापरायची मोकळीक असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. काम उलट्या क्रमानं होतं, तिथेच पैसे जातात. क्रम असा पाहिजे: माणसं मोजा, डेटाबेस ठरवा, आवृत्ती ठरवा, आणि सगळ्यात शेवटी सर्व्हर घ्या.

उदाहरणासाठी मार्केट यार्डातलं हळदीचं एक अडत दुकान धरू. वेबसाइटवर रोजचे दर सगळ्यांना दिसतात, दुकानातले ८ जण आवक आणि सौद्यांच्या नोंदी करतात आणि ६०० शेतकरी लॉगिन करून आपापली पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) बघतात. खालचे आकडे याच दुकानाचे आहेत. तुमचे टाकून बघा.

## टप्पा १: कोऱ्या कागदावर पाच उत्तरं

संगणक चालू करायच्या आधी हे लिहून काढा:

१. डेटाबेसमधली माहिती किती माणसं बघणार किंवा भरणार? फक्त स्टाफ नव्हे, लॉगिन करणारे ग्राहकही धरा. लॉगिन न करता दर बघणारे लोक असतील तर "मोजता न येणारे" असं वेगळं लिहा.
२. तीन वर्षांनी डेटा किती जीबी होईल?
३. सर्व्हर तुमच्या जागेत असेल की दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये?
४. सर्व्हरला कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) किती?
५. वेबसाइट तुमच्याच धंद्याची आहे की तुम्ही ती दुसऱ्यासाठी होस्ट करताय?

पाचवा प्रश्न लोक हमखास सोडतात. वेबसाइट बनवणाऱ्यांना सगळ्यात महाग तोच पडतो. टप्पा ६ मध्ये कळेल का ते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल एक गोष्ट. पट्ट्या आणि नोंदी फारशी जागा खात नाहीत, जागा खातात फोटो. मालाचे फोटो थेट डेटाबेसच्या टेबलात साठवायची सवय असेल तर २ एमबीचे ५,००० फोटो म्हणजे जवळपास १० जीबी झाले. फोटो फोल्डरमध्ये ठेवा आणि डेटाबेसमध्ये फक्त फाइलचं नाव. या एका बदलानं पुढे लायसन्सची आवृत्ती बदलायची वेळ टळते.

तपासा: पाचही उत्तरं लिहिल्याशिवाय कुणाकडून कोटेशन मागवू नका. विकणारा तुमच्या वतीनं अंदाज धरतो आणि तो अंदाज सहसा वरच्या बाजूचा असतो.

## टप्पा २: आत्ता काय चाललंय ते ओळखा

वेबसाइट आधीच चालू असेल तर डेव्हलपरच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) असेल तर त्याचा मॅनेजमेंट स्टुडिओ हा प्रोग्रॅम उघडा, डावीकडे सर्व्हरच्या नावावर उजवं क्लिक करा आणि प्रॉपर्टीजमध्ये जा. जनरल पानावर पहिल्याच काही ओळींत आवृत्तीचं नाव येतं: एक्सप्रेस, डेव्हलपर, इव्हॅल्युएशन, वेब, स्टँडर्ड किंवा एंटरप्राइझ. त्याच पानावर प्रोसेसरची संख्याही दिसते, तीही टिपून घ्या.

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर पीएचपीमायॲडमिनचं (ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायच्या साधनाचं) पहिलं पान उघडा. उजवीकडे डेटाबेस सर्व्हरची चौकट असते. तिथे "कम्युनिटी सर्व्हर - जीपीएल" किंवा "मारियाडीबी" असं काही लिहिलेलं असेल तर ठीक. जीपीएल म्हणजे वापर फुकट, पण वाटप केलं तर कोडही उघडा करायला लावणारं लायसन्स. आवृत्तीच्या आकड्यामागे "कमर्शियल" हा शब्द दिसला तर थांबा. बहुधा कुणीतरी ओरॅकलची (मायएसक्यूएलच्या मालक कंपनीची) विकतची आवृत्ती चाचणीसाठी उतरवून तशीच ठेवली आहे.

सावध: "डेव्हलपर" दिसलं आणि त्यावर खरी वेबसाइट चालू असेल तर ती लायसन्सच्या बाहेर आहे. ही आवृत्ती फुकट आहे, एंटरप्राइझची सगळी ताकद तिच्यात आहे, म्हणूनच पोरं ती टाकतात. पण ती फक्त बनवायला, तपासायला आणि दाखवायला. खरा शेतकरी खरी पट्टी बघायला लागला की तो खरा वापर झाला.

सावध: "इव्हॅल्युएशन" १८० दिवस चालते. ही चूक मी स्वतः केलेली आहे. ऑगस्टमध्ये "तात्पुरती" म्हणून टाकली, नंतर बदलायची राहून गेली. फेब्रुवारीत, हळदीचे सौदे भरात आलेले, सकाळी सव्वाआठला फोन: "वेबसाइट उघडेना." सर्व्हर चालू, इंटरनेट चालू, डेटाबेसची सर्व्हिस मात्र सुरूच होईना. लॉग उघडला तर त्यात मुदत संपल्याची एक ओळ. दुपारपर्यंत दर फळ्यावर खडूनं लिहावे लागले.

## टप्पा ३: लायसन्सचा खर्च टळतोय का, ते आधी बघा

दहातल्या आठ कामांत इथेच थांबता येतं, असं माझं मत आहे.

पोस्टग्रेएसक्यूएल: याचं लायसन्स अत्यंत मोकळं आहे. वेबसाइट चालवा, उत्पादनात घालून विका, किती कोर आणि किती माणसं याची मोजदाद नाही. नवीन काम असेल तर मी डोळे मिटून हेच घेतो.

मायएसक्यूएल कम्युनिटी आणि मारियाडीबी: दोन्हींचा सर्व्हर जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. वर्डप्रेस किंवा तुमचा पीएचपी कोड यावर चालवला तर काही द्यावं लागत नाही आणि स्वतःचा कोड उघडाही करावा लागत नाही, कारण स्वतःच्या सर्व्हरवर चालवणं म्हणजे वाटप नव्हे. गाठ पडते ती वाटपाला. समजा तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवलं आणि त्याच इन्स्टॉलरमध्ये मायएसक्यूएल गुंडाळून पन्नास दुकानांना विकलं. आता जीपीएलच्या अटी तुमच्या सॉफ्टवेअरला लागू होतात की नाही हा प्रश्न खरा झाला. मग एक तर ओरॅकलकडून व्यापारी लायसन्स घ्या, नाहीतर पोस्टग्रेएसक्यूएल वापरा.

एसक्यूलाइट: पब्लिक डोमेनमध्ये आहे, कसलीच अट नाही. छोट्या, मुख्यतः वाचायच्या वेबसाइटला चालतो. एकाच वेळी अनेकजण नोंदी करणार असतील तर नको.

मोंगोडीबी: ऑक्टोबर २०१८ पासून याचा सर्व्हर एसएसपीएल नावाच्या लायसन्सखाली आहे. तुमच्या वेबसाइटमागे वापरा, हरकत नाही. पण "आमच्याकडून मोंगोडीबी भाड्यानं घ्या" अशी सेवा विकायला निघालात तर ती सेवा चालवणारा तुमचा सगळा कोड उघडा करावा लागतो.

तपासा: शेअर्ड होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये (होस्टिंगवाल्यानं दिलेल्या नियंत्रणाच्या पानावर) मिळणारा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी वापरत असाल आणि बाकी काही नसेल, तर हा लेख इथे सोडलात तरी चालेल. फक्त टप्पा ८ वाचा.

## टप्पा ४: एसक्यूएल सर्व्हरच हवा असेल तर आवृत्ती निवडा

जुनं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये आहे, अहवाल सगळे त्यातच लिहिलेत, बदलायला सहा महिने लागतील. ठीक आहे, होतं असं. मग खालून वर चढा, वरून खाली नको.

एक्सप्रेस: फुकट, आणि खऱ्या वेबसाइटवर वापरायला परवानगी असलेली. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली. ही मर्यादा डेटा फाइलची आहे, लॉग फाइल त्यात धरत नाहीत. कोर जास्तीत जास्त ४ वापरले जातात आणि डेटासाठी मेमरी साधारण १.४ जीबी. आपल्या अडत दुकानाला, फोटो बाहेर ठेवले तर, ही पुरून उरते.

एक्सप्रेसची खरी खोच वेगळीच आहे: त्यात एसक्यूएल एजंट, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप करणारा भाग, नाही. म्हणजे रात्रीचा बॅकअप आपोआप होत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून बॅकअपची स्क्रिप्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाइलची तारीख बघा. २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत दहा जीबी भरल्यावर वेबसाइट दिसत राहते, पण नवी नोंद घेत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा आकार बघायचा, ८ जीबी ओलांडले की निर्णय घ्यायचा.

वेब आवृत्ती: ही दुकानात विकत मिळत नाही. होस्टिंग कंपन्या सेवा पुरवठादारांच्या करारातून ती भाड्यानं देतात. सार्वजनिक वेबसाइटसाठीच ती आहे. पतसंस्थेचा अंतर्गत हिशेब किंवा कारखान्याचं ईआरपी तिच्यावर चालवणं अटींत बसत नाही. २०२२ ची वेब आवृत्ती शेवटची, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती बंद केली. नवीन काम तिच्या भरवशावर सुरू करू नका.

स्टँडर्ड: पैसे इथून सुरू होतात. एंटरप्राइझ आपल्याकडच्या वेबसाइटला लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

## टप्पा ५: कॅल की कोर? हा हिशेब स्वतः मांडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश घेऊ.

स्टँडर्ड आवृत्ती दोन तऱ्हांनी मिळते. एक: सर्व्हरचं एक लायसन्स आणि शिवाय प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक उपकरणामागे एक कॅल, म्हणजे वापराचा परवाना. दोन: सर्व्हरच्या कोरप्रमाणे लायसन्स, मग माणसं कितीही येवोत.

चूक अशी होते. वेबसाइट डेटाबेसला एकाच युजरनेमनं जोडलेली असते. डेव्हलपर सांगतो, "अण्णा, डेटाबेसला युजर एकच दिसतोय, एक कॅल बास." तसं नाही. मायक्रोसॉफ्ट पलीकडची खरी माणसं मोजतं, मधे कितीही सॉफ्टवेअर असलं तरी. एकच हमाल शंभर शेतकऱ्यांची पोती आत टाकतो, म्हणून अडत्या वहीत एकच शेतकरी लिहीत नाही. तसंच हे.

आता आकडे. एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत स्टँडर्ड सर्व्हर लायसन्स ९८९ डॉलर, एक कॅल २३० डॉलर आणि दोन कोरचा पॅक ३,९४५ डॉलर. कोर किमान ४ घ्यावे लागतात, म्हणजे दोन पॅक: ७,८९० डॉलर.

- फक्त ८ जणांचा स्टाफ: ९८९ + ८ × २३० = २,८२९ डॉलर. कॅल स्वस्त.
- ८ स्टाफ आणि ६०० शेतकरी: ९८९ + ६०८ × २३० = १,४०,८२९ डॉलर. कोरचा मार्ग ७,८९० डॉलरचा.
- दोन्ही मार्ग बरोबरीत येतात ते ३० माणसांवर.

म्हणजे चार कोरच्या सर्व्हरला ३० च्या आत माणसं असतील आणि ती सगळी नावानिशी माहीत असतील तरच कॅल. लॉगिन न करता दर बघणारे लोक त्याच डेटाबेसमधून दर बघत असतील तर मोजदादच शक्य नाही, कोर घ्यावेच लागतात. इथे विक्रेत्याची सूट आणि १८ टक्के जीएसटी धरलेला नाही. तो कोटेशनमध्ये वेगळा बघा.

सावध: कॅल सर्व्हरच्याच सालाच्या आवृत्तीचा किंवा त्याहून नवा लागतो. २०१९ चे कॅल घेऊन २०२२ चा सर्व्हर चालवता येत नाही. उलटं चालतं.

सावध: यात विंडोज सर्व्हरचं लायसन्स आलेलं नाही. ते वेगळं. एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवरही चालतो. तिथे विंडोजचा खर्च वाचतो, एसक्यूएल सर्व्हरचा मात्र तेवढाच राहतो.

## टप्पा ६: सर्व्हर कुठे आहे, त्यावर नियम बदलतात

स्वतःच्या ऑफिसातलं मशीन: कोरचा मार्ग असेल तर मशीनमधले सगळे कोर मोजायचे, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ४. कुणीतरी स्वस्तात मिळाला म्हणून दोन प्रोसेसरचा, प्रत्येकी १२ कोरचा सेकंडहँड सर्व्हर आणतं. वेबसाइटला दोन कोर पुरले असते, पण लायसन्स २४ कोरचं: १२ पॅक, ४७,३४० डॉलर. सर्व्हर शेवटी घ्या म्हणतो ते यासाठी.

व्हर्च्युअल मशीन (मोठ्या सर्व्हरमधून सॉफ्टवेअरनं कापलेलं छोटं मशीन): तेवढ्याच मशीनचे कोर मोजता येतात, किमान ४. दोन कोरचा व्हीपीएस असला तरी ४ चे पैसे. पण २०२२ पासून असं फक्त व्हर्च्युअल मशीनपुरतं मोजायला सबस्क्रिप्शन किंवा चालू सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (लायसन्सवर वेगळे पैसे देऊन घ्यायची मायक्रोसॉफ्टची योजना) लागतो.

दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला व्हीपीएस: एकदा विकत घेतलेलं साधं लायसन्स दुसऱ्याच्या सामायिक सर्व्हरवर नेता येत नाही. तिथेही ॲश्युरन्स किंवा सबस्क्रिप्शन पाहिजे. ते नसेल तर होस्टिंगवाल्याकडूनच लायसन्ससकट मासिक भाड्यानं घ्या. छोट्या धंद्याला हेच सोपं पडतं.

दुसऱ्यांच्या वेबसाइट होस्ट करणं: आता तो पाचवा प्रश्न. विश्रामबागेत बसून तुम्ही वीस ग्राहकांच्या वेबसाइट सांभाळता, स्वतःच्या नावावर एक स्टँडर्ड लायसन्स घेतलंय आणि सगळ्यांचे डेटाबेस त्यावर टाकलेत. नेहमीच्या लायसन्समध्ये याला परवानगी नाही. व्यापारी होस्टिंगसाठी सेवा पुरवठादाराचा वेगळा करार असतो. एक तर तो करा, नाहीतर असा करार असलेल्या कंपनीकडून सर्व्हर घ्या, नाहीतर पोस्टग्रेएसक्यूएलवर या. मी तिसरा मार्ग धरला. दोन ग्राहक कुरकुरले, बाकीच्यांना फरक कळलासुद्धा नाही.

ओरॅकलवाल्यांसाठी थोडक्यात: ओरॅकल डेटाबेस फ्री खऱ्या कामाला वापरता येतो. मर्यादा २ सीपीयू थ्रेड, २ जीबी मेमरी आणि १२ जीबी डेटा. स्टँडर्ड एडिशन २ जास्तीत जास्त दोन सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागांच्या) सर्व्हरवरच. ओरॅकलच्या एंटरप्राइझमध्ये डायग्नॉस्टिक आणि ट्यूनिंग पॅकचे (डेटाबेसचा वेग तपासायच्या जोडसाधनांचे) पैसे वेगळे असतात, पण ते आधीच चालू स्थितीत येतात. कुणी सहज एक अहवाल काढला तरी वापराची नोंद डेटाबेसमध्येच राहते. घेतले नसतील तर पहिल्या दिवशी बंद करा. आणि व्हीएमवेअरवर (व्हर्च्युअल मशीन बनवायच्या सॉफ्टवेअरवर) एक छोटं मशीन कापून दिलं म्हणून ओरॅकल कोर कमी धरत नाही.

## टप्पा ७: पुरासाठी ठेवलेला दुसरा सर्व्हर

२०१९ च्या महापुरानंतर माझ्या दोन ग्राहकांनी पुण्यात दुसरा सर्व्हर ठेवला. विचार उत्तम, लायसन्सचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

बॅकअपच्या फाइली कुठेही, कितीही ठेवा, त्याला लायसन्स लागत नाही. पण दुसऱ्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस चालू करून डेटा तिथे सतत उतरवत असाल तर ते चालतं मशीन झालं. ॲश्युरन्स चालू असेल तर निव्वळ राखीव ठेवलेल्या सर्व्हरला सूट मिळते. त्यावरून अहवाल काढायला लागलात की सूट गेली. ॲश्युरन्स नसेल तर दुसरं लायसन्स लागतं.

तपासा: तुम्हाला खरंच मिनिटाभरात चालू होणारा दुसरा सर्व्हर हवाय का? अडत दुकानाला चार तास पुरतात. मग पुण्यात फक्त फाइली ठेवा आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, त्यातून वेबसाइट उभी करून बघा.

## टप्पा ८: कागद आणि तारखा

१. लायसन्सचं बिल कंपनीच्या नावावर घ्या, डेव्हलपरच्या नव्हे. मायक्रोसॉफ्टचं खातंही कंपनीच्या ईमेलवर.
२. बिल, करार, आवृत्तीचं नाव, कोरची संख्या आणि टप्पा २ मधला स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये. त्याची एक प्रत गावाबाहेर. पुरात भिजलेली बिलं वाळवून उपयोग होत नाही, शाई उतरते.
३. होस्टिंगवाल्याकडून भाड्यानं असेल तर "या सर्व्हरवर अमुक आवृत्ती, लायसन्स आमच्याकडून" असं ईमेलवर लिहून घ्या. फोनवर सांगितलेलं धरू नका.
४. क्रॅक केलेली प्रत असेल तर आज काढा. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मधलं कलम ६३ब जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही लागतं: ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पोरानं टाकली, मला माहीत नव्हतं, हे टप्पा २ केल्यानंतर म्हणता येणार नाही.
५. कॅलेंडरात तारखा घाला. मायएसक्यूएल ८.० चा पाठिंबा एप्रिल २०२६ पर्यंत, एसक्यूएल सर्व्हर २०१६ चा १४ जुलै २०२६ पर्यंत, २०१९ चा जानेवारी २०३० पर्यंत. पोस्टग्रेएसक्यूएलची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. बदलाचं काम हळदीचा हंगाम संपल्यावर, जूनमध्ये धरा. फेब्रुवारी ते मे सर्व्हरला हात लावायचा नाही.